रुग्णांसाठीचे लेखन : मोजायचे काय आणि कशाने?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. सांधेदुखीसाठी माझ्याकडे येणारे एक सेवानिवृत्त शिक्षक पंधरा दिवसांचा काढा संपवून पुन्हा तपासणीस आले. अपेक्षित उपशय नव्हता. उलट पोट जड राहते अशी नवी तक्रार होती. द्रव्ये बदलावीत की मात्रा वाढवावी या विचारात असताना मी सहज विचारले, "गुरुजी, काढा करता कसा?" त्यांनी खिशातून घडी घातलेले माझेच छापील पत्रक काढले आणि म्हणाले, "वैद्यराज, आपण लिहिले आहे तसाच. तसूभरही फरक नाही."

पत्रकात मी लिहिले होते : "भरडीत आठपट जल घालून काढा करावा. चतुर्थांश शेष ठेवून गाळून प्राशन करावा." गुरुजी भरड पाण्यात घालून एक उकळी आणीत. त्यातील चौथा हिस्सा पातेल्यात शेष ठेवीत आणि बाकीचे तीन हिस्से गाळून पीत. पातेल्यातला हिस्सा संध्याकाळी टाकून देत. आटवून चौथा हिस्सा उरवायचा असतो, हे आपल्याला इतके अंगवळणी पडलेले असते की ते लिहायचे राहून जाते. गुरुजींनी लावलेला अर्थ व्याकरणाच्या दृष्टीने चुकीचा नव्हता. तीन तपे मुलांना मराठी शिकवलेल्या माणसाला जे उमगले नाही, ते न उमगण्याचा दोष वाचणाऱ्याच्या माथी मारता येणार नाही. दोष पत्रकाचा होता, म्हणजेच माझा होता.

त्या दिवशी नुकसान झाले ते पंधरा दिवसांचे आणि थोड्याशा विश्वासाचे. परंतु काढ्याच्या जागी बचनाग किंवा कुचला असलेला एखादा कल्प असता तर? चिकित्सेचे श्रेय आपण निदानाला, द्रव्याला आणि मात्रेला देतो. त्या तिन्हींना रुग्णाच्या घरापर्यंत पोहोचविणारे वाहन मात्र चार ओळींचे लेखन असते आणि त्याची परीक्षा आपण करीत नाही. औषधी निर्माता कच्च्या मालाची परीक्षा करतो, तयार चूर्णाची आर्द्रता पाहतो. डबीतील पत्रकाची परीक्षा म्हणजे मुद्रितशोधन, एवढीच त्याची समजूत असते.

आता तर हे लेखन पत्रकापुरते राहिलेले नाही. ऋतुचर्या, पथ्यापथ्य, घरगुती उपचार यांविषयी आपल्यापैकी पुष्कळजण मोबाइलवर व संगणकावर नियमितपणे लिहितात. तो मजकूर आपल्या रुग्णापुरता थांबत नाही. ज्यांची नाडी आपण कधी पाहिली नाही अशा शेकडो लोकांच्या हाती तो पोहोचतो. या लेखनाचा दर्जा संगणकाकडून मोजून घ्यावा आणि ठराविक अंक मिळाल्याशिवाय ते प्रसिद्ध करू नये, अशी सूचना अलीकडे काही तरुण वैद्यबंधू करू लागले आहेत. सूचना सद्हेतूने केलेली आहे आणि म्हणूनच तिचा नीट विचार झाला पाहिजे.

मोजपट्ट्यांचा थोडा इतिहास

लेखनाची सुगमता आकड्यात मोजण्याचा खटाटोप मुख्यतः अमेरिकेत झाला. १८९३ साली शर्मन या प्राध्यापकाने इंग्रजी गद्यातील वाक्ये शतकागणिक कशी आखूड होत गेली, हे शब्द मोजून दाखविले. १९२१ साली थॉर्नडाइक यांनी वारंवार येणाऱ्या दहा हजार शब्दांची यादी शिक्षकांसाठी प्रसिद्ध केली. मूळचे व्हिएन्नाचे आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले रुडॉल्फ फ्लेश यांनी १९४८ साली जे सूत्र मांडले, ते आजही सर्वाधिक वापरात आहे. मजकुरातील वाक्यांची सरासरी लांबी शब्दांत काढायची, तिची १.०१५ पट करायची. दर शब्दात सरासरी किती अक्षरे उच्चारली जातात ते पाहून त्याची ८४.६ पट करायची. या दोन्ही संख्या २०६.८३५ मधून वजा केल्या की उत्तर मिळते. उत्तर शंभराच्या जवळ असेल तर मजकूर अत्यंत सोपा, शून्याच्या जवळ असेल तर अत्यंत कठीण. साठ ते सत्तर हा मध्यम शिक्षित वाचकाला झेपणारा टप्पा मानतात.

१९५२ साली गनिंग यांनी तीन वा अधिक अक्षरांच्या शब्दांचे प्रमाण वाक्यलांबीत मिळवून, मजकूर समजण्यास किती वर्षांचे शालेय शिक्षण लागेल, हे सांगणारे सूत्र दिले. १९७५ साली अमेरिकी नौदलाच्या प्रशिक्षण पुस्तिकांसाठी किन्केड व त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लेश यांच्या सूत्राला इयत्तेचे रूप दिले. फ्लोरिडा राज्यात तर विमापत्रांच्या मजकुराला फ्लेश यांच्या पट्टीवर किमान ४५ गुण असावेत असा कायदाच आहे.

या सर्व मोजपट्ट्या हाताळतात त्या गोष्टी मुळात दोनच : वाक्य किती लांब आणि शब्द किती लांब अथवा किती अपरिचित. लांब वाक्यात वाचकाची धाप लागते आणि अनोळखी शब्दाशी तो अडखळतो, हा अनुभव खराच आहे. आपल्या पत्रकांत चाळीस-चाळीस शब्दांची वाक्ये सापडतात. एवढा दोष जरी या पट्टीने दाखवून दिला, तरी तिचे उपकार मानले पाहिजेत. ज्वरमापकाने ज्वर आहे हे कळते. तो नाकारण्याचे कारण नाही. पण ज्वरमापक हातात आला म्हणून निदान झाले, असे आपण मानत नाही.

मराठीत ही पट्टी कोठे अडते?

पहिली अडचण भाषेच्या घडणीची आहे. इंग्रजीत जे दोन-तीन सुट्या शब्दांनी सांगतात, ते मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यय जोडून एकाच शब्दात सांगितले जाते. "जेवणानंतर" हा सहा अक्षरांचा शब्द आहे; "उपाशीपोटी" आणि "झोपण्यापूर्वी" हे पाच-पाच अक्षरांचे. इंग्रजीसाठी घडविलेली पट्टी या तिन्ही शब्दांना कठीण ठरवील. महाराष्ट्रातील कोणत्याही खेड्यातील आजीला विचारावे. या तिन्हींपैकी एकही शब्द तिला अडणार नाही.

याउलट "आम", "क्लेद", "शोथ", "दाह" हे सगळे दोन-दोन अक्षरांचे शब्द. पट्टीच्या दृष्टीने याहून सोपे काही नाही. "आम" वाचून रुग्णाला आंव आठवते. "वात" म्हटला की त्याच्या डोळ्यांसमोर गुडघेदुखी येते. वातप्रकृती ही संकल्पना त्याच्या मनात उमटत नाही. आसव-अरिष्टांच्या बाटलीवर "समभाग पाण्यातून" असे आपण पिढ्यान्पिढ्या छापत आलो. वृत्तपत्र वाचणाऱ्या आजच्या मराठी माणसाला समभाग म्हणजे भांडवली बाजारातील कंपनीचा हिस्सा एवढेच ठाऊक असते. "जेवढे औषध तेवढेच पाणी" हे चार शब्द त्या दोन शब्दांहून लांब आहेत आणि शंभरपटीने स्पष्ट आहेत.

चिकित्सापत्रावर आपण "अपानकाळी", "व्यानोदाने" असे लिहितो. दोन वैद्यांमध्ये याहून नेमकी आणि सुटसुटीत भाषा असू शकत नाही. तोच कागद रुग्ण घेऊन औषधविक्रेत्याकडे जातो आणि दुकानातील मदतनीस मुलगा अंदाजाने पुडीवर काहीतरी लिहून देतो. शब्द कठीण की सोपा, हे त्या शब्दात नसते. तो कोणापुढे ठेवला यात असते. एकच द्रव्य एकास पथ्यकर आणि दुसऱ्यास अपथ्यकर होऊ शकते, हे ज्या शास्त्राने सांगितले, त्याच्या अनुयायांना ही गोष्ट समजावून सांगण्याची आवश्यकता पडू नये. वाचक पाहिल्यावाचून लेखनाची सुगमता ठरविणे म्हणजे प्रकृती पाहिल्यावाचून मात्रा ठरविण्यासारखे आहे.

तीच संख्या, उलट अर्थ

दुसरी अडचण याहून मूलभूत आहे. ही पट्टी अर्थाला स्पर्शच करीत नाही. "ही गोळी दुधाबरोबर घ्यावी, मधाबरोबर घेऊ नये" या वाक्यात दूध आणि मध यांची केवळ अदलाबदल करून पाहावी. शब्द तेवढेच, अक्षरे तेवढीच, अंक तोच आणि अर्थ नेमका उलट. वाक्यातील शब्दांचा क्रम पार विस्कटून टाकला तरीही अंक बदलणार नाही.

माझ्याच त्या पत्रकाचा हिशेब करून पाहू. दोन वाक्ये, बारा शब्द. वाक्याची सरासरी लांबी सहा शब्द. गुरुजींच्या प्रसंगानंतर मी तो मजकूर बदलला तो असा : "एक पुडी पातेल्यात टाका. त्यात एक पेला पाणी घाला. झाकण न ठेवता मंद आचेवर उकळत ठेवा. पाणी आटून पाव पेला उरले की आच बंद करा. हे उरलेले सगळे पाणी गाळून प्या." पाच वाक्ये, एकतीस शब्द, सरासरी ६.२. म्हणजे वाक्यलांबीच्या पट्टीवर सुधारलेला मजकूर पहिल्यापेक्षा किंचित कठीणच ठरतो! पुडी २० ग्रॅमची आणि सोबत १६० मिलिलिटरचा, पाव भागावर खूण केलेला मापाचा पेला मी देऊ लागलो. त्यानंतर काढ्याबाबत पुन्हा तसा घोटाळा माझ्याकडे झालेला नाही. जो बदल उपयोगी पडला, तो पट्टीला दिसलाच नाही.

आणि जे लेखन सर्वांत अनिष्ट, ते या पट्टीवर सर्वांत वरचे गुण मिळविते. "मधुमेह मुळापासून बरा करा" हे चार शब्दांचे वाक्य घ्या. सुटसुटीत आहे, कोणालाही समजते. १९५४ च्या औषधे व जादूटोणासदृश उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्यातील व्याधींच्या यादीत मधुमेहाचा समावेश आहे आणि असा दावा करणारी जाहिरात हा अपराध आहे. वाचायला सोपे ते चांगले, हे समीकरण आपण एकदा मान्य केले की अशा वाक्यांना रोखण्यास आपल्यापाशी काही साधन उरणार नाही. संगणक आता क्षणार्धात गुळगुळीत मराठी मजकूर तयार करून देतो. त्याची वाक्ये आखूड असतात आणि ओघ चांगला असतो. त्यात गुंजेचा मासा झालेला असला, तरी ओघ काही बिघडत नाही.

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात, अर्थ न जाणता शास्त्र पाठ करणाऱ्याला चंदनाचे ओझे वाहणाऱ्या गाढवाची उपमा दिली आहे. त्याला भार कळतो, चंदन कळत नाही. या मोजपट्ट्यांची गत तीच आहे. भार तोलण्याचे काम त्या प्रामाणिकपणे करतात. त्यांच्याकडून गंधाची अपेक्षा करणे ही चूक आपली.

चरकोक्त वाक्यदोष

मग लेखनाचा दर्जा पाहायचा तरी कसा? यासाठी आपल्याला परक्या घरी जाण्याची आवश्यकता नाही. ग्रंथरचना कशी असावी याचा विचार आपल्या संहिताकारांनी जितका केला आहे, तितका अन्य शास्त्रांत क्वचितच आढळतो. तंत्रयुक्ती सुश्रुताने बत्तीस व चरकाने छत्तीस सांगितल्या. वाग्भटाने आपला ग्रंथ अतिसंक्षिप्त नाही व अतिविस्तृतही नाही, असे आरंभीच नमूद केले. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात न्यून, अधिक, अनर्थक, अपार्थक आणि विरुद्ध असे पाच वाक्यदोष सांगितले आहेत. त्यांचा मूळ संदर्भ वादाचा, म्हणजे विद्वानांच्या संभाषेचा आहे, हे मला ठाऊक आहे. तथापि रुग्णपत्रकाला ते लावून पाहिल्यास किती उपयोगी पडतात, याचा वाचकांनी स्वतः अनुभव घ्यावा.

न्यून म्हणजे आवश्यक ते न सांगणे. माझ्या पत्रकातील दोष हाच होता. "आटवून" हा शब्द गळला होता. किती दिवस घ्यायचे, एखादी वेळ चुकली तर काय करायचे, कोणत्या लक्षणाला औषध थांबवून वैद्याकडे यायचे, या तीन गोष्टी आपल्या पत्रकांत बहुधा नसतात.

अधिक म्हणजे अप्रस्तुत किंवा पुनरुक्त. आयुर्वेदाची चर्चा चालली असता बृहस्पतीच्या वा शुक्राच्या शास्त्राची गोष्ट काढणे, हे चरकाचे उदाहरण आहे. आपल्या पत्रकांत संस्थेचा इतिहास, संस्थापकांचे छायाचित्र आणि फलश्रुती यांनी पाऊण पान भरते आणि सेवनविधी तळाशी बारीक टाइपात येतो. तो याच दोषाचा आधुनिक अवतार होय.

अनर्थक म्हणजे वर्णमालेतील वर्गांप्रमाणे नुसता अक्षरांचा समूह, ज्यातून अर्थबोध होत नाही. रुग्णासाठी "दीपन-पाचन-स्रोतोशोधक" ही पदमाला अशीच आहे. वैद्याला ती अर्थपूर्ण आहे. रुग्णाला ती केवळ ध्वनी आहे.

अपार्थक म्हणजे शब्द सुटे सुटे अर्थपूर्ण, पण एकमेकांशी संबंध नाही; चाक, मगर, वेळू, वज्र, चंद्र असे एका दमात म्हणावे तसे. "वापर : सर्दी, खोकला, अशक्तपणा, केस, त्वचा, स्मरणशक्ती" ही यादी याहून वेगळी आहे काय?

विरुद्ध म्हणजे दृष्टांताशी, सिद्धांताशी किंवा संकेताशी विसंगत. पत्रकाच्या एका परिच्छेदात "गरम पाण्याबरोबर" आणि डबीवर "थंड दुधासह". लेबलवर दोन गोळ्या आणि वैद्यांच्या चिठ्ठीत एक. निर्माता, विक्रेता आणि वैद्य असे तिघे मिळून हा दोष घडवितात आणि निस्तरावा लागतो तो रुग्णाला.

हे पाच प्रश्न कोणत्याही मजकुराला विचारण्यास दहा मिनिटे पुरतात. त्यातून अंक मिळत नाही, पण काय दुरुस्त करायचे ते मिळते. अंक मजकूर "४०" आहे एवढेच सांगतो. "चाळीस" या व्याधीवर उपचार काय करणार?

शेवटची परीक्षा रुग्णाची

पाच दोष गेले तरी एक परीक्षा उरते, आणि ती वाचकाशिवाय होऊ शकत नाही. ज्या पाश्चात्त्य देशांत या मोजपट्ट्या वाढल्या, तेथेही अनुभवाने लोक याच मुक्कामाला आले आहेत. १९५३ साली टेलर यांनी मजकुरातील ठराविक अंतरावरचे शब्द गाळून ते वाचकाकडून भरून घेण्याची पद्धत काढली. मजकूर समजला असेल तरच गाळलेला शब्द सुचतो, हे तिचे तत्त्व. युरोपीय संघाने तर २००४ साली औषधविषयक कायद्यात दुरुस्ती करून, औषधासोबतचे पत्रक प्रत्यक्ष रुग्णगटाशी विचारविनिमय करून तयार करणे बंधनकारक केले. तेथील २००९ च्या मार्गदर्शिकेनुसार दहा-दहा व्यक्तींच्या दोन फेऱ्यांत पत्रक वाचावयास देतात व प्रश्न विचारतात. शंभरांतील नव्वद वाचकांना हवी ती माहिती पत्रकात सापडली पाहिजे आणि ज्यांना सापडली त्यांतील शंभरांपैकी नव्वदांना ती समजली पाहिजे, ही कसोटी. अक्षरांचा आकारही किमान नऊ पॉइंट असावा असे त्यात सांगितले आहे. येथेही आकडे आहेतच. परंतु मोजले जाते ते वाचकाचे आकलन, शब्दांची लांबी नव्हे.

आपल्याला एवढा पसारा मांडण्याचे कारण नाही. पाच रुग्ण पुरेत. त्यांतील दोघे वृद्ध असावेत, एखादी घर सांभाळणारी भगिनी असावी, कारण काढा बहुधा तीच करते. पत्रक हाती द्यावे आणि "समजले का?" असे चुकूनही विचारू नये. वैद्यासमोर बसलेला रुग्ण या प्रश्नाला नेहमी "हो" म्हणतो. त्यात संकोच असतो, आदरही असतो. "आता घरी गेल्यावर नेमके काय कराल, ते मला सांगा" असे म्हणावे. गुरुजींना मी पहिल्याच दिवशी हा प्रश्न केला असता तर पंधरा दिवस वाचले असते. जेथे दोघे एकाच जागी अडखळतात, ती जागा बदलावी. औषधविक्रेत्याने पुडी देताना हेच वाक्य उच्चारले, तर अर्ध्या मिनिटात त्याने वैद्याचे आणि रुग्णाचे असे दोघांचेही काम सोपे केले असे होईल.

काही आक्षेप

भाषा सोपी केली की शास्त्र पातळ होते, असा एक आक्षेप ज्येष्ठांकडून येतो. त्यामागील आस्था मला समजते. परिभाषा हे शास्त्राचे शरीर आहे. रुग्णपत्रिकेत, शोधनिबंधात, वैद्यांच्या आपापसातील पत्रव्यवहारात ती जशीच्या तशी राहिली पाहिजे. या त्रैमासिकातील लेखही त्याच परिभाषेत असावेत, कारण येथील वाचक तुम्ही आहात. पण रुग्णाशी बोलण्यासाठी मराठीने स्वतःच आयुर्वेद पचवून ठेवला आहे, हे आपण विसरतो. पित्त खवळते, कोठा जड होतो, दही बाधते, औषध मानवते, गुण येतो, पथ्य पाळावे लागते. ही बोली कोणी भाषांतर करून आणलेली नाही. ती घराघरांत रुजली आहे आणि तिच्यात शास्त्र पातळ झालेले नाही. "अग्निमांद्य" लिहून खाली अर्थ देण्यापेक्षा "भूक मंदावली असेल तर" असे लिहिणे अधिक आयुर्वेदीय आहे, असे माझे मत आहे.

मोठ्या निर्मात्यांना शेकडो पत्रके तपासायची असतात, त्यांना काहीतरी आकडा हवाच, असा दुसरा आक्षेप व्यवहारातून येतो. त्यांनी आकडा जरूर वापरावा. वाक्यलांबी मोजणारा कोणताही साधा हिशेब पहिल्या चाळणीसाठी उत्तम आहे. पंधरा शब्दांवरचे वाक्य दिसले की ते मोडून पाहावे, असा ठोकताळा मी स्वतःपुरता ठेवला आहे. चाळणीतून खाली पडले ते सर्व औषध, असे मात्र कोणी समजू नये.

तिसरा आक्षेप वेळेचा. दिवसाला पन्नास रुग्ण पाहणाऱ्या वैद्याने पत्रके कधी तपासावीत? याचे उत्तर असे की ही तपासणी दररोज करावयाची नाही. एक पत्रक एकदा नीट केले की ते दहा वर्षे काम करते. न केले तर तेही दहा वर्षे आपले काम करीतच राहते.

संघटनेने काय करावे

यासाठी तीन गोष्टी संघटनेने हाती घ्याव्यात, अशी माझी नम्र सूचना आहे.

पहिली, सेवनविधीच्या नेहमी लागणाऱ्या वीस-पंचवीस सूचनांचा एक प्रमाण मराठी संच तयार करावा. जेवणाआधी, पहिल्या घासाबरोबर, जेवणानंतर. जेवढे औषध तेवढेच पाणी. आटवून पाव भाग उरवा. चमचा म्हणजे पाच मिलिलिटर, घरातला कोणताही चमचा नव्हे. कोठे फुलपात्र म्हणतात, कोठे पेला, कोठे गिलास. म्हणून मापाचे नाव नेहमी मिलिलिटरसह द्यावे. हा संच पश्चिम महाराष्ट्र, कोकण, मराठवाडा, खानदेश, विदर्भ आणि गोवा येथील सभासदांनी आपापल्या पाच रुग्णांकडून तपासून घ्यावा व मगच छापावा.

दुसरी सूचना औषधी निर्मात्यांसाठी. १९४५ च्या औषध नियमांतील नियम १६१ नुसार, अनुसूची ई(१) मधील द्रव्ये असलेल्या कल्पांच्या लेबलवर ते वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याचा इशारा इंग्रजी व हिंदीत द्यावा लागतो. कायदा मराठीची सक्ती करीत नाही. मज्जावही करीत नाही. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या अशा प्रत्येक कल्पावर "वैद्यांना विचारल्याशिवाय हे औषध घेऊ नका" ही एक ओळ ठळक मराठीत स्वेच्छेने छापण्याचा ठराव संघटनेच्या निर्माते सभासदांनी करावा. खर्च शून्य आहे.

तिसरी सूचना आपणां सर्वांसाठी. मोबाइलवर वा अन्यत्र लोकांसाठी काही प्रसिद्ध करण्यापूर्वी ते एकदा मोठ्याने वाचावे, पाच वाक्यदोषांतून गाळावे आणि वैद्यकाशी संबंध नसलेल्या घरातील एका माणसाला दाखवून "यातून तुला काय करायला सांगितले आहे?" असे विचारावे. खाली आपले नाव व दिनांक लिहावा. निनावी मजकुराची जबाबदारी कोणावरच नसते.

गुरुजी आजही कधीमधी येतात. नव्या पत्रकाचा पहिला मसुदा मी त्यांनाच वाचावयास देतो. लाल शाईने दोन-तीन ठिकाणी खूण करून ते कागद परत करतात. अजून एकदाही तो कोरा परत आलेला नाही. प्रत्येक वैद्याला आणि प्रत्येक औषधी निर्मात्याला असा एखादा वाचक आपल्याच रुग्णांतून शोधता येईल. पुढील अंकापर्यंत निदान एक पत्रक तरी आपण सर्वांनी या परीक्षेला बसवावे आणि काय आढळले ते संपादकांना कळवावे, अशी विनंती आहे.